हिरवे हत्ती आणि त्यांचे प्रेक्षक



कामगार संघटनेच्या माणसाला व्यासपीठावर उभे केले म्हणजे तो बोनस, ग्रॅच्युइटी आणि कामगार कायदे यांवरच बोलणार, असे लोक धरून चालतात. व्याख्यानमालेच्या चिटणिसांनीही तसेच धरले होते. आम्ही विषय कळविला तेव्हा त्यांनी दोनदा विचारले, "कार्टून म्हणजे मुलांचे ते?" होय, मुलांचे तेच. ज्या चित्रपटाविषयी आज बोलावयाचे तो अमेरिकेत तयार झाला, मुलांसाठी झाला, आणि थोर कलाकृतींत त्याची गणना कोणी करीत नाही. पण त्याच्याविषयी प्रेक्षकांनी आजवर जी मते दिली ती वाचता वाचता आम्हांला आमच्याच धंद्यातला एक जुना प्रश्न भेटला. केलेल्या कामाची किंमत कोण ठरवितो, आणि ठरविताना तो नेमका कोणाकडे पाहत असतो?

आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. इंग्रजी आम्ही शिकलो ते मालकांशी झालेल्या करारांचे कागद वाचता वाचता, शब्दकोश मांडीवर घेऊन. त्यामुळे साहित्याचे किंवा चित्रपटाचे पंडित म्हणून आम्ही येथे उभे नाही, हे आधीच सांगून टाकतो.

प्रथम कथा. फ्रँक बॉम नावाच्या अमेरिकन लेखकाने १९०० साली ओझच्या जादूगाराची गोष्ट लिहिली. कॅन्सास प्रांतातल्या शेतावर राहणारी डोरोथी नावाची मुलगी वावटळीत सापडते आणि घरासकट ओझ नावाच्या देशात जाऊन पडते. तेथे तिला मेंदू हवा असलेले बुजगावणे, हृदय हवे असलेला पत्र्याचा माणूस आणि धैर्य हवे असलेला भित्रा सिंह असे तीन सोबती भेटतात. या गोष्टीवर १९३९ साली हॉलिवुडमध्ये जो रंगीत बोलपट निघाला तो जगभर गाजला. डोरोथीचे काम ज्यूडी गार्लंड हिने केले, तेव्हा ती सोळा वर्षांची होती. गंमत अशी की, प्रथम प्रदर्शित झाला तेव्हा हा चित्रपट खर्च भरून काढू शकला नव्हता. १९५६ साली तो प्रथम दूरचित्रवाणीवर दाखविला गेला, आणि १९५९ पासून दरवर्षी दाखविण्याचा परिपाठच पडला. आपल्याकडे वर्षाचा सण यावा तसा तो अमेरिकेतल्या घरांत येऊ लागला, आणि पिढ्यान् पिढ्यांना तोंडपाठ झाला. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण पुढे ज्या चित्रपटाला लोकांनी नावे ठेवली त्यात या तोंडपाठपणाचा वाटा मोठा आहे. पाठ झालेल्या आरतीत कोणी एक शब्द बदलला तरी कानाला खटकतोच.

आता आपला चित्रपट. १९६२ साली फिल्मेशन नावाची एक नवी, लहानशी कंपनी कॅलिफोर्नियात उभी राहिली. लू शायमर, हॅल सदरलंड आणि नॉर्म प्रेस्कॉट ही तिची प्रमुख माणसे. त्यांनी 'जर्नी बॅक टू ओझ', म्हणजे 'ओझला परत', असा कार्टूनपट काढायला घेतला. डोरोथीच्या आवाजासाठी त्यांनी ज्यूडी गार्लंडचीच मुलगी लायझा मिनेली हिला बोलाविले. तीही तेव्हा सोळा वर्षांचीच होती. जुन्या चित्रपटात दुष्ट चेटकीण झालेल्या मार्गारेट हॅमिल्टन यांना या वेळी डोरोथीच्या प्रेमळ मावशीचा आवाज दिला. या बाईंविषयी एक वाक्य अधिक बोलू द्या. १९३८ च्या डिसेंबरात जुन्या चित्रपटाच्या चित्रीकरणात ज्वाळांच्या करामतीत त्या चेहऱ्यावर आणि हातावर भाजल्या होत्या, आणि सुमारे सहा आठवडे कामावर येऊ शकल्या नव्हत्या. जगातल्या मुलांना त्यांच्या चेहऱ्याची धास्ती वाटली, ती मिळविताना तो चेहरा खरोखरीच पोळला होता. इतर आवाजही नामांकितांचे होते: एथेल मर्मन, मिकी रूनी, डॅनी थॉमस, मिल्टन बर्ल. गाणी सॅमी कान आणि जिमी व्हॅन ह्यूझन या नावाजलेल्या जोडीची.

आवाज झाले, गाणी झाली, आणि पैसे संपले.

कार्टूनपटात आवाज आधी घेतात आणि त्या आवाजाबरहुकूम ओठ, हात, मान यांची चित्रे मागून काढतात. तेव्हा सगळ्यांत महाग भाग, म्हणजे हजारो चित्रे, अजून व्हावयाचीच होती. त्या काळी कंपनीची स्थिती काय होती याची एक हकीकत खुद्द शायमर सांगत. सुपरमॅनचे हक्क ज्यांच्याकडे होते त्यांचा माणूस स्टुडिओ पाहावयास येणार होता, आणि स्टुडिओत चित्रकारच नव्हते! मग ओळखीपाळखीच्या लोकांना टेबलांवर बसवून काम चालू असल्याचा देखावा केला. (तपासणीच्या दिवशी कारखाना कसा झाडूनपुसून लखलखीत होतो हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना यात नवल वाटणार नाही.) सुपरमॅनचे काम मिळाले, १९६६ साली ती मालिका चालली, १९६८ साली आर्ची नावाची दुसरी मालिका त्याहून चालली, आणि त्या पैशांतून अडकलेल्या ओझला पुन्हा हात लागला. इंग्लंडात तो १९७२ साली आणि अमेरिकेत १९७४ साली पडद्यावर आला.

मध्ये दहाबारा वर्षे गेली होती. ज्यूडी गार्लंड १९६९ साली वारली. जिचा आवाज सोळाव्या वर्षी टिपला होता ती लायझा १९७३ साली ऑस्कर घेऊन मोठी नटी झाली होती. पडद्यावर मात्र ती अजून सोळाचीच होती. रिळावर थांबलेला आवाज वाढत नाही.

चित्रपटात गोष्ट अशी आहे. डोरोथी पुन्हा वावटळीत सापडून ओझला जाते. तेथे मॉम्बी नावाच्या चेटकिणीने कढईत हिरवे हत्ती उत्पन्न करून बुजगावण्याचे राज्य बळकवायचा घाट घातला आहे. मॉम्बीचा नाइलाजाने झालेला नोकर म्हणजे भोपळ्याच्या डोक्याचा एक साधा, गरीब जीव. तो डोरोथीच्या बाजूला येतो. जुने मित्र, पत्र्याचा माणूस आणि सिंह, हत्तींचे नाव ऐकताच काढता पाय घेतात. शेवटी एका पेटीतून उंदीर बाहेर पडतात, हत्ती बिथरतात, गुलाबाचे रूप घेतलेली मॉम्बी त्यांच्याच पायांखाली तुडविली जाते, आणि तिची जादू संपताच भोपळ्याही निष्प्राण होतो. डोरोथीच्या अश्रूने तो पुन्हा उठतो. बॉमचे १९०४ सालचे दुसरे पुस्तक ज्यांनी वाचले आहे त्यांना मॉम्बी, भोपळ्या, गुलाब आणि उंदीर ओळखीचे वाटतील. मात्र पुस्तकात डोरोथी मुळीच नाही, आणि हत्तींच्या जागी तेथे विणकामाच्या सुया घेऊन राज्यावर चाल करून जाणारी मुलींची फौज आहे. ती फौज चित्रपटातून गेली याचे आम्हांला वाईट वाटते. संप आणि मोर्चा आम्ही पुष्कळ पाहिले. सुयांचा मोर्चा पाहावयास आवडला असता.

आता प्रेक्षकांची मते. ती वाचताना ध्यानात येते की दोन गावांचे लोक बोलत आहेत. एका गावचे लोक मोठेपणी हा चित्रपट पाहून बोलतात. त्यांची तक्रार साधारण अशी: ही जुन्याचीच नक्कल आहे, वावटळही तीच आणि सोबतीही तेच, गाणी फार आहेत आणि गोष्ट त्यांत अडखळते, चित्रांच्या हालचाली ताठर आहेत, नावे मोठी घेतली पण माल हलका दिला. याच गावातले काहीजण लायझाच्या आवाजासाठी सारे माफ करतात. दुसऱ्या गावचे लोक तो लहानपणी दूरचित्रवाणीवर पाहिलेले आहेत. १९७६ साली तो अमेरिकेत एका मोठ्या वाहिनीवर आला आणि पुढेही दाखविला गेला. या लोकांना गाणी धड आठवत नाहीत. आवाज कोणाचे होते हे त्यांना त्या वेळी ठाऊक नव्हते, आणि असते तरी त्याचे सोयरसुतक नव्हते. त्यांना आठवतात ते हिरवे हत्ती. मॉम्बीची कढई आठवते. भोपळ्या पडतो तेव्हा पोटात झालेली कालवाकालव आठवते.

दुसऱ्या गावचे मत म्हणजे केवळ बालपणाची माया, असे म्हणून ते निकालात काढण्याची रीत आहे. ती आम्हांला मान्य नाही. माया आहे, पण ती कशावर बसली ते पाहा. चित्रपटात विकत घेतलेल्या गोष्टी कोणत्या? तारकांचे आवाज, नामांकितांची गाणी, आणि जुन्या यशाचे नाव. जाहिरातीत हीच नावे होती, आणि जाणत्या प्रेक्षकाने याच गोष्टी तपासून 'फसलो' असे म्हटले. उलट मुलांच्या मनात जे रुतले ते बहुतांशी टेबलाशी वाकून बसलेल्या चित्रकारांनी काढलेले होते: हत्तीचा हिरवा रंग, चेटकिणीचा जबडा, भोपळ्याचे लटपटते चालणे. आवाज नसता तर भोपळ्या मुका राहिला असता हे खरे. पण मुलाने पाहिला तो भोपळ्या.

या टेबलांवर काय चालते हे थोडे सांगितले पाहिजे. चित्रपट सुमारे अठ्ठ्याऐंशी मिनिटांचा आहे. पडद्यावर सेकंदाला चोवीस चौकटी सरकतात. हिशेब केला तर १ लक्ष २६ हजार ७२० चौकटी होतात. एक चित्र दोन चौकटींसाठी धरण्याचा प्रघात आहे. तसे धरले तरी ६३ हजारांवर चित्रे झाली, आणि तीही पडद्यावर एकच पात्र हलते आहे असे मानून. मुख्य चित्रकार हालचालीच्या दोन टोकांची चित्रे काढतो. मधली चित्रे भरणारे वेगळे. मग ती रेघ न् रेघ पारदर्शक सेल्युलॉइडवर उतरवायची, मागच्या बाजूने रंग भरायचा, पार्श्वभूमीवर ठेवायची आणि छायाचित्र घ्यायचे. रेघ उतरविण्याचे आणि रंग भरण्याचे काम अमेरिकेत बहुतेक बायका करीत, आणि श्रेयनामावलीत त्यांची नावे क्वचितच येत. पैसे कमी असले म्हणजे चित्रेच कमी करतात: धड स्थिर ठेवायचे आणि फक्त तोंड हलवायचे, किंवा एकदा काढलेले चालणे पुन्हा पुन्हा वापरायचे. फिल्मेशन पुढे दूरचित्रवाणीच्या मालिकांत याच काटकसरीसाठी प्रसिद्ध झाली, बदनाम म्हटले तरी चालेल. 'ओझला परत' त्या मालिकांहून पुष्कळ बरा हलतो, पण प्रेक्षक त्याची तुलना करतो ती डिस्नेशी.

तुलना करू नये काय? अवश्य करावी. तिकीट काढून बसलेल्या माणसाने 'बिचाऱ्यांकडे पैसे नव्हते' म्हणून टाळी वाजवावी, असे आम्ही कधीच म्हणणार नाही. कष्ट झाले म्हणून माल चांगला होत नाही, आणि कामगाराला अशी भीक नकोही असते. आमचे म्हणणे एवढेच की तक्रार योग्य दारी जावी.

आमच्या ओळखीच्या एका भांड्यांच्या कारखान्यात असे झाले होते. पातेल्यांना पोचे पडतात, अशी गिऱ्हाइकांची पत्रे येऊ लागली. व्यवस्थापनाने ती पत्रे पॉलिश खात्याच्या फळ्यावर लावली, कारण माल बाहेर पडताना शेवटचा हात त्या खात्याचा लागे. तेथल्या माणसांनी आठ दिवस खाली माना घालून काम केले. मग आमच्यातल्या एकाने गेज आणून पत्रा मोजला. खरेदी विभागाने पत्रा पातळ घेतला होता. गिऱ्हाईक खोटे बोलत नव्हते. पातेल्याला पोचा पडतच होता. पण ज्यांच्या माथी तो मारला गेला त्यांनी तर त्या पातळ पत्र्यालाही आरसा आणला होता.

'हालचाल ताठर आहे' ही तक्रार तशीच आहे. ताठरपणा खरा. पण सेकंदाला किती चित्रे परवडतात हे चित्रकार ठरवीत नाही. त्याच्या हाती जी चित्रे येतात त्यांत तो हत्तीला सोंड कशी उचलायला लावतो, एवढेच त्याचे. आणि ते त्याने असे केले की पन्नाशी उलटलेली माणसेही आज त्या हत्तींविषयी लिहितात.

याच जातीचा दुसरा एक दाखला आहे. टोल्किन यांच्या 'हॉबिट' वर १९७७ साली अमेरिकन दूरचित्रवाणीसाठी कार्टूनपट निघाला आणि १९८० साली 'रिटर्न ऑफ द किंग' हा त्याचा पुढला भाग. त्या दुसऱ्याला प्रेक्षकांनी फार झोडपले, आणि मधली गोष्ट गाळल्यामुळे कथेचा धागाच लागत नाही ही त्यांची तक्रार रास्त आहे. पण चित्रे कोठे झाली? निर्मिती करणारी कंपनी न्यूयॉर्कची आणि चित्रे काढणारा स्टुडिओ तोक्योचा, टॉपक्राफ्ट नावाचा. त्याच टॉपक्राफ्टने १९८४ साली हायाओ मियाझाकी यांचा 'नाउसिका' केला, तिथली काही माणसे पुढे जिब्ली स्टुडिओत गेली, आणि आज त्या कामापुढे जग मान लववते. हात तेच होते. सांगितलेले काम वेगळे होते.

तोक्योचे नाव निघाले म्हणून फिल्मेशनची दुसरी बाजू सांगितली पाहिजे. सत्तरीच्या दशकात अमेरिकेतल्या कंपन्या चित्रांचे काम स्वस्त मजुरीसाठी परदेशी धाडू लागल्या. तिथल्या कार्टून कामगारांच्या संघटनेने याविरुद्ध १९७९ साली संप केला आणि आधी स्थानिकांना काम देण्याचे कलम पदरात पाडून घेतले. १९८२ साली पुन्हा संप झाला, दहा आठवडे चालला, आणि ते कलम हातचे गेले. त्याच वर्षीच्या १८ जानेवारीला आपल्या मुंबईत गिरण्यांचा संप सुरू झाला होता. आम्ही तेव्हा शाळेत होतो. लॉस एंजेलिसमध्ये चित्रे काढणाऱ्यांनीही त्याच साली काम थांबविले होते, हे आम्हांला कळायला पुढे तीस वर्षे लागली.

काटकसरीसाठी नावे ठेवली जाणारी फिल्मेशन ही मात्र आपले बहुतेक काम घरीच करून घेण्यावर अखेरपर्यंत अडून राहिली. शायमर यांचा तो हट्टच होता. तेव्हा प्रेक्षक ज्या वापरून वापरून झिजलेल्या हालचालींना हसतो त्यांचे एक कारण हेही होते: चित्रे कमी काढली, पण ती काढणारे गावचे ठेवले. हा सौदा बरोबर होता की नाही यावर आमच्याच कार्यालयात दोन तट पडले. एक तरुण कार्यकर्ता म्हणाला, "साहेब, त्यांनी काम बाहेर पाठविले नसते तर माझ्या धाकट्या भावाला नोकरी कशी लागली असती?" त्याचा भाऊ मुंबईत परदेशी मालिकांसाठी संगणकावर ॲनिमेशन करतो. खरेच आहे. ते काम आधी जपान, तैवान, कोरियाकडे गेले आणि पुढे आपल्याकडेही आले. आम्ही त्याला एवढेच विचारले की, भावाला रात्रपाळीचा भत्ता मिळतो काय आणि मालिकेच्या शेवटी त्याचे नाव येते काय. तो म्हणाला, विचारून सांगतो. अजून सांगितलेले नाही.

१९८९ साली फिल्मेशन बंद पडली. एका फ्रेंच सौंदर्यप्रसाधन कंपनीच्या पुढाकाराखालील गुंतवणूकदारांनी ती विकत घेतली आणि ३ फेब्रुवारीला टाळे लावले. दोनशेहून अधिक माणसे घरी गेली. मोठी कपात करण्यापूर्वी साठ दिवसांची नोटीस द्यावी, हा अमेरिकन कायदा दुसऱ्याच दिवशी, ४ फेब्रुवारीला अमलात येणार होता. कायद्याच्या आदल्या दिवसाचे महत्त्व मालकवर्गाला कोणत्याही देशात समजावून सांगावे लागत नाही.

इतके सांगितल्यावर, चित्रपट चांगला की वाईट हे सांगितल्यावाचून आम्हांला खाली बसू देणार नाही. आम्ही तो आमच्या नातीसह पाहिला. मधला भाग लांबला आहे. पत्र्याच्या माणसाकडे जावे, त्याने नाही म्हणावे, मग सिंहाकडे जावे, त्यानेही नाही म्हणावे, प्रत्येक ठिकाणी एक गाणे, यात मोठ्या माणसाला डुलकी लागते. आम्हांला लागली. पण जुने मित्र संकटात पाठ फिरवितात आणि शत्रूच्या घरचा गडी मदतीला येतो, हे मुलांच्या चित्रपटात एवढ्या सरळपणे दाखविलेले आम्ही दुसरीकडे पाहिले नाही. भोपळ्याचा प्रसंग उत्तम आहे. तो जवळजवळ शेवटी येतो, म्हणून डुलकी लागली तरी कोणाला तरी उठवायला सांगून ठेवावे. मुले अगदी लहान असतील तर मॉम्बीच्या कढईच्या वेळी त्यांना जवळ घेऊन बसावे. आमची नात घाबरली नाही. तिने फक्त विचारले की हत्ती हिरवे कोणी केले. आम्ही म्हटले, चेटकिणीने. ती म्हणाली, "नाही हो आजोबा, खरे कोणी केले?"